आगीची ती वर्दी संपून तीन महिने झाले, तरी ते अजून तिथेच आहेत: फायरमन आणि त्याच्या घरच्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा. मिस्टर बरीच वर्षं अग्निशमन दलात आहेत. तीन महिन्यांपूर्वी एका घराला लागलेल्या आगीत आतलं लहान मूल वाचलं नाही, आणि त्याला बाहेर त्यांनीच आणलं. दुसऱ्याच दिवशी केंद्रावर सगळ्या तुकडीला गोल बसवून ‘मनात आहे ते बोलून मोकळे व्हा’ असं एक सत्र झालं. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. आता झोप तुटक आहे, चिडचिड वाढली आहे, स्वतःच्या मुलाला ते जवळ घेत नाहीत, रोज रात्री दारू लागते. आगीत शिरताना घालायचा हवेचा मास्क लावताना त्यांना धाप लागते, हे एका सहकाऱ्याकडून कळलं. विचारलं की ‘मला काही झालेलं नाही’. बायकोने काय करावं, आणि दलाने काय करायला हवं होतं?

दलापासून सुरुवात करतो, कारण पुढची गुंतागुंत तिथे सुरू झाली. बोलायला लावलं ते फार लवकर, आणि बोलणं जेव्हा उपयोगी पडलं असतं तेव्हा सगळे गप्प झाले. असं सत्र घ्यायची पद्धत १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी मांडली. ते स्वतः आपत्कालीन सेवेत काम केलेले होते, त्यामुळे जगभरच्या दलांनी ती चटकन उचलली. पुढे चाचण्या झाल्या तेव्हा निकाल निराशाजनक निघाले. आघातानंतर लगेच घेतलेल्या एकाच सत्राने पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, टळत नाही. भाजलेल्या रुग्णांवरच्या १९९७ च्या एका चाचणीत तर सत्र झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना तेरा महिन्यांनी पीटीएसडी होता, सत्र न झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. त्या चाचणीत सत्रं एकेकट्या रुग्णाबरोबर किंवा जोडप्याबरोबर झाली होती आणि ते रुग्ण फायरमन नव्हते, म्हणून आकडे जसेच्या तसे तुकडीला लावू नयेत. तरी उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं असं सत्र देऊच नका म्हणतात. कारण समजायला सोपं आहे. शरीर अजून धोक्याच्या पातळीवर धावत असताना सगळे तपशील पुन्हा उकरले जातात, आणि ज्याने ती खोली पाहिलीच नव्हती त्यालाही शेजारच्याच्या तोंडून ती दिसते.

पहिल्या चार आठवड्यांत करायचं ते फार साधं असतं: कोरडे कपडे, पाणी, खाणं, घरी सोडायला कुणीतरी, पुढच्या दोन-तीन ड्यूटींत हलकं काम, आणि तुकडीतला एक ठरलेला माणूस जो तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने फोन करेल. बोलायचं असेल तर ऐकायचं, नसेल तर खोदायचं नाही. कामाचा आढावा, म्हणजे पाण्याची लाइन कुठून नेली, शिडी कुठे लावली, हा वेगळा विषय. तो जरूर घ्यावा, फक्त त्यात ‘तुला काय वाटलं’ मिसळू नये. बहुतेकांची लक्षणं या महिन्यात आपोआप उतरतात, म्हणूनच महिना उलटल्याशिवाय पीटीएसडीचं निदान करत नाहीत. तुमच्या घरात तीन महिने झालेत. वाट बघायची मुदत संपली आहे.

तरी मानसोपचाराकडे वळण्याआधी एक शारीरिक तपासणी करून घ्या. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची जोरदार बाधा झाली असेल तर काही जणांना आधी पूर्ण बरं वाटतं आणि मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, स्वभावात बदल, चालताना अडखळणं सुरू होतं. डोक्याला मार लागला असेल तर डोकेदुखी आणि चिडचिड त्यातूनही येते. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हा तिसरा मुद्दा. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्याची झोप नुसत्या समुपदेशनाने सुधारत नाही. डॉक्टरांना ‘टेन्शन आहे’ एवढंच सांगू नका. आगीची तारीख, आत किती वेळ होते आणि मास्क मध्येच काढला होता का, हे सांगा.

आता चाळणी. जगभर वापरली जाणारी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे. गेल्या महिन्याभरात त्या घटनेची वाईट स्वप्नं पडली किंवा नको असताना ती आठवली का? तिचा विचार किंवा तिची आठवण करून देणाऱ्या जागा टाळायचा जोरात प्रयत्न केला का? सतत सावध राहणं, बारीक आवाजाने दचकणं होतं का? माणसांपासून, आवडीच्या गोष्टींपासून तुटल्यासारखं, बधिर वाटतं का? जे घडलं त्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबवता येत नाही का? तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर सविस्तर तपासणी हवी. हे निदान नव्हे. पण ‘काही झालेलं नाही’ म्हणणारा माणूसही कागदावरचे हे पाच प्रश्न एकट्याने वाचतो तेव्हा खोटं बोलायला किमान समोर तरी कुणी नसतं. कागद देऊन खोलीबाहेर जा.

त्यांना तयार कसं करायचं? ‘तुम्ही बदललात’, ‘डोक्यावर परिणाम झालाय’ या वाक्यांनी दार बंद होतं. दिसलेलं सांगा, अर्थ लावू नका: ‘गेल्या आठवड्यात चार रात्री तुम्ही तीन वाजता उठून बसलात. मुलगा मांडीवर यायला लागला की तुम्ही उठता. झोपेसाठी एकदा दाखवू या.’ झोप हे प्रवेशद्वार चांगलं आहे. झोप बिघडली हे कबूल करण्यात बहुतेक फायरमनना कमीपणा वाटत नाही. वेळ निवडताना ड्यूटीवरून आल्याआल्या किंवा दारू घेतल्यावर नको. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी-शेजारी चालताना किंवा गाडीत हे बोलणं जास्त जमतं.

झोपेचं काम खरंच आधी हाती घ्यावं. ड्यूटी नसलेल्या दिवशी उठायची वेळ एकच ठेवा. रात्रपाळीनंतर सकाळी दीड-दोन तास झोप पुरे, दुपारनंतर पडायचं नाही. वीस मिनिटं झोप लागली नाही तर पलंग सोडायचा, नाहीतर पलंग म्हणजे तळमळायची जागा अशी सांगड पक्की होते. निद्रानाशाच्या उपचारात पलंगावरचा वेळ मुद्दाम कमी करतात. बंब चालवणाऱ्या किंवा आत शिरणाऱ्या माणसाला ते ड्यूटीच्या दिवसांत करू नये, रजा घेऊन करावं. दारूने झोप लवकर लागते, पण पहाटेची झोप फाटते आणि स्वप्नं उसळतात. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एका दिवसात तोडायची नाही, आकडी येण्याचा धोका असतो; डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायची. ‘आधी दारू पूर्ण सोडा, मग आघाताचं बघू’ असं सांगणारे अजून भेटतात. दोन्ही उपचार एकाच वेळी चालू शकतात.

वाईट स्वप्नांसाठी एक सराव घरीही सुरू करता येतो. सगळ्यात भयानक स्वप्न घ्यायचं नाही, मधलं घ्यायचं. दिवसा, उजेडात, ते थोडक्यात लिहायचं आणि कुठेही, कसंही बदलायचं. शेवट गोडच हवा असं नाही, दार वेगळ्या बाजूला उघडलं तरी चालतं. मग नवं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं मनात चालवायचं. जुनं पुन्हा वाचायचं नाही. दोन-तीन आठवडे नेमाने केलं तर स्वप्नांची संख्या किंवा धार बहुतेक वेळा कमी होते. न झाल्यास पुढचं उपचारकाबरोबर.

झोपेत ते ओरडत किंवा हातपाय झाडत असतील तर तुम्ही हलवून जागं करू नका. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहा, दिवा लावा, नाव घेऊन हाक मारा, ‘तुम्ही घरी आहात, मी आहे’ एवढं म्हणा. अर्धवट जागा माणूस खांद्यावरच्या हाताला आगीतला हात समजतो, आणि अशा वेळी बसलेला फटका दोघांनाही पुढे महिनोन्महिने पुरतो.

मूळ आघातावर ज्यांचा पुरावा भक्कम आहे अशा पद्धती तीन. टप्प्याटप्प्याने आठवणीला सामोरं जाण्याची, साधारण ८ ते १५ सत्रं, प्रत्येक सुमारे दीड तासाचं. आघाताने बदललेल्या समजुती तपासण्याची, साधारण १२ सत्रं. आणि ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल केली जाते. उपचारक निवडताना ‘तुम्ही समुपदेशन करता का’ असं विचारू नका. ‘यांपैकी कुठल्या पद्धतीचं प्रशिक्षण झालंय, आणि प्रगती कशी मोजता’ हे विचारा. नुसतं ऐकून घेणारा आणि दर वेळी ‘या आठवड्यात कसं वाटलं’ विचारणारा माणूस चांगला असू शकतो, पण पीटीएसडीला ते पुरत नाही.

फायरमनच्या बाबतीत इथे एक नेहमीची अडचण येते. तो उपचारकाला सांभाळून घेतो. समोरच्याचा चेहरा जरा उतरला की तपशील गाळतो, आणि त्याला खरोखर छळणारा तुकडा, वास, वजन, हाताला लागलेलं काहीतरी, कधीच बाहेर येत नाही. सत्रं संपतात, पण त्रास मोजणाऱ्या प्रश्नावलीतले गुण हलत नाहीत. म्हणून उपचारकाने पहिल्याच भेटीत सांगावं की इथे काहीही ऐकायची तयारी आहे, आणि ती खरी असावी. दुसरी अडचण पाळ्यांची: दोन सत्रं चुकली की टाळण्याला आयतं कारण मिळतं. पुढच्या दोन महिन्यांच्या वेळा ड्यूटीचं वेळापत्रक समोर ठेवूनच ठरवा. आणि वर्षानुवर्षांच्या शेकडो वर्द्यांपैकी कुठली घ्यायची हा घोळ घालू नये. सगळ्यात जास्त त्रास देणारी एक घ्यायची. ती सैल झाली की बाकीच्या पुष्कळशा तिच्याबरोबर सैल होतात.

अपराधीपणाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण मूल गेलेल्या वर्दीत पुढचं सगळं त्याच्यावर अडतं. ‘दोन मिनिटं आधी आत शिरलो असतो तर.’ यावर घरचे आणि साहेब एकच म्हणतात: ‘तुमची काही चूक नाही.’ त्याचा उपयोग होत नाही, कारण ते पुराव्याशिवाय म्हटलेलं असतं आणि फायरमनला ते कळतं. उपयोग होतो कागदावर घड्याळ लावण्याचा. वर्दी किती वाजता आली, बंब कधी निघाला, कधी पोहोचला, पहिल्या लाइनमध्ये पाणी कधी सोडलं, दार कधी फोडलं, धूर किती खाली होता, दिसत किती होतं, आत कुणी आहे हे कुणी आणि केव्हा सांगितलं. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने: ‘त्या क्षणी मला काय माहीत होतं’ आणि ‘नंतर काय कळलं’. बहुतेक दोष दुसऱ्या रकान्यातली माहिती पहिल्यात घुसल्यामुळे तयार होतो. सोबत आगीचं शास्त्रही ठेवावं. आजच्या फोम आणि प्लास्टिकच्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत पूर्ण पेट घेऊ शकते. जुन्या, लाकूड-कापसाच्या सामानाच्या खोलीला तुलनात्मक चाचण्यांत त्यासाठी अर्ध्या तासाच्या आसपास लागला. वर्दी यायच्या आधीच किती वेळ गेला होता हे कागदावर दिसतं तेव्हा ‘दोन मिनिटं’ या शब्दाचं वजन बदलतं.

कधी कधी घड्याळ उलटं सांगतं. खरंच चूक झालेली असते, खोली तपासायची राहिलेली असते. मग समजूत घालणं हा अपमान आहे. तिथे काम वेगळं: चुकीत त्याचा वाटा किती, साधनांचा किती, हुकुमाचा किती हे प्रामाणिकपणे मांडणं, आणि त्या वाट्याचं काय करायचं ते ठरवणं. नवीन मुलांना तीच शोधपद्धत नीट शिकवणं हे काहींना जमतं.

मास्कचा त्रास घरच्यांना दिसत नाही, पण मला त्याची सर्वांत घाई वाटते. आत शिरल्यावर घुसमटून मास्क ओढून काढला तर जीव जातो. आणि घाबरल्या श्वासाने हवाही लवकर संपते. अर्ध्या तासाचा म्हणून दिलेला सिलिंडर जड कामात तसाही पंधरा-वीस मिनिटांत उतरतो. हे कळल्या दिवसापासून त्यांनी आत शिरायचं काम करू नये, आणि सवय पुन्हा पायरीपायरीने लावावी. आधी मास्क नुसता हातात धरायचा, रबराचा वास घ्यायचा. मग पट्टे न लावता चेहऱ्यावर, मग पट्टे लावून पण हवेची नळी न जोडता, मग उजेडात बसून हवा चालू करून, मग चालत, मग अंधाऱ्या खोलीत, मग जिना चढून, शेवटी सरावाच्या धुराच्या खोलीत. प्रत्येक पायरीला भीती शून्य ते दहा अशी मोजायची आणि ती शिखरावरून निम्मी झाल्याशिवाय मास्क काढायचा नाही. नेमकी इथेच चूक होते. भीती आठवर असताना काढला तर मेंदू ‘काढला म्हणून वाचलो’ हेच शिकतो आणि पुढची पायरी आणखी अवघड होते. एका पायरीवर भीती दोन-तीनदा तीनच्या खाली आली की पुढे जायचं. सोबत विश्वासू सहकारी असावा, घड्याळ त्याच्या हातात. ‘घाल आणि ये आत, आपोआप जाईल’ म्हणणारा नसावा.

औषधांबद्दल थोडक्यात. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधांचा इथेही उपयोग होतो, फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात आणि ती एकदम बंद करायची नसतात. अल्प्राझोलॅमच्या वर्गातल्या, भीती-चिंता दाबणाऱ्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊ नयेत असं बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: सवय लागते, आणि आठवणीला सामोरं जाण्याचं कामही अडतं. स्वप्नांसाठी प्राझोसिन देतात. त्याचा पुरावा संमिश्र आहे, पण त्याने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते हे शिडीवर चढणाऱ्या माणसाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता तुमची बाजू. तुम्ही त्यांच्या उपचारक नाही, आणि ती जागा घेऊ नका. आगीचे तपशील तुमच्यापाशी उलगडायची गरज नाही. ‘कसं झालं ते मला नको सांगू, तुला आत्ता काय होतंय ते सांग’ असं म्हणणं स्वार्थीपणा नव्हे. ड्यूटीवरून आल्यावर अर्धा-पाऊण तास प्रश्न नाहीत, मग मात्र घरात हजर, असा करार दोघांनी करा. घरातली कोणकोणती कामं त्यांच्या टाळण्याभोवती फिरायला लागली आहेत याची यादी काढा: टीव्ही बंद, पाहुणे बंद, मुलाला आंघोळ तुम्हीच घालता. प्रेमापोटी केलेली ही सोय आजाराला खतपाणी घालते. एकदम सगळं बदलू नका. एक गोष्ट निवडून आठवड्याला थोडी परत आणा. मुलाला जवळ घेणं जमत नसेल तर आधी शेजारी बसून पाच मिनिटं चित्र काढणं. तेही रोज, एकाच वेळेला.

मुलाला काहीच न सांगणं चुकतं, कारण मुलं रिकामी जागा स्वतःच्या दोषाने भरतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरे: ‘बाबांनी कामावर खूप वाईट गोष्ट पाहिली. त्यामुळे त्यांना झोप येत नाही आणि राग येतो. तुझ्यामुळे नाही. ते डॉक्टरांकडे जातात.’ मोठी मुलं विचारतील की त्या आगीत कुणी मेलं का. खोटं बोलू नका, तपशील देऊ नका. पुन्हा अंथरुण ओलं करणं, आगीचा तोच खेळ हसू न येता परत परत खेळणं, शाळेत जायला घाबरणं हे महिन्याहून जास्त चाललं तर मुलालाही दाखवा.

चिडचीड आणि मारहाण यांत रेघ ओढा. आघाताने राग समजतो, हात उचलणं माफ होत नाही. तसं झालं तर जोडप्याचं समुपदेशन नंतर. आधी तुमची आणि मुलाची सुरक्षित जागा.

आत्महत्येबद्दल थेट विचारा: ‘जीव संपवायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. ‘हो’ आलं तर कसं, कधी, साधन जवळ आहे का हे विचारा, गोळ्या किंवा शस्त्र घराबाहेर काढा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी तातडीच्या विभागात न्या. फायरमनमध्ये एक खूण सहकाऱ्यांनाच दिसते: अचानक विनाकारण धोका घेणं, मास्कशिवाय आत शिरणं. त्याला शौर्य म्हणून टाळ्या मिळतात, म्हणून ती निसटते.

दलाकडून दोन गोष्टी लेखी मागा. पहिली, उपचाराची माहिती सेवापुस्तिकेत जाणार नाही. अपवाद फक्त स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या धोक्याचा. वरिष्ठांना ‘कामासाठी योग्य’, ‘मर्यादित कामासाठी योग्य’ किंवा ‘सध्या योग्य नाही’ एवढंच कळावं. दुसरी, लांबलचक रजेऐवजी मर्यादित काम. महिनोन्महिने घरी बसवलं की माणूस तुकडीपासून तुटतो, आणि त्याला जोडून ठेवणारं तेच एक असतं. आधी दिवसपाळी, उपकरणांची देखभाल, प्रशिक्षण. मग बंबावर पंप चालवणं. मास्कच्या सगळ्या पायऱ्या आणि सलग काही आठवड्यांची बरी झोप झाल्यावर आत शिरणं. तारखेवर नको, या खुणांवर.

प्रगती मोजायला वीस प्रश्नांची पीसीएल-५ ही प्रश्नावली आहे, एकूण ८० गुणांची. ३१ ते ३३ च्या वर पीटीएसडीची शक्यता धरतात. ती दर एक-दोन आठवड्यांनी भरावी. सहा-आठ सत्रांनंतरही किमान दहा गुण उतरले नाहीत, तर सोडून देण्याआधी उपचारकाबरोबर बसून तपासा: घटना चुकीची निवडली आहे का, खरा तुकडा लपलाय का, घरचा सराव होतोय का, दारू किंवा झोपेचा श्वास आडवा येतोय का. यातलं काहीच नसेल तर पद्धत बदला. एक लागू पडली नाही म्हणून दुसरी पडणार नाही असं नसतं. गुण उतरल्यावरही घटनेच्या वर्षदिनाच्या आसपास आणि तशाच पुढच्या वर्दीनंतर ते काही दिवस वर जातील. त्या आठवड्यासाठी एक भेट आत्ताच ठरवून ठेवा.